ड्रिप फीड रखडतं, रीबूट केलं की चालतं: कर्नल अपडेटनंतर आयआरक्यू १८ वारंवार बंद पडण्याचं निवारण

लक्षणं

कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट केल्यापासून डीएनसी पीसीवरून, म्हणजे मशीनला प्रोग्राम पुरवणाऱ्या संगणकावरून, व्हीएमसीला (उभ्या मिलिंग मशीनला) जाणारा प्रोग्राम मध्येच रखडतो. पूर्ण थांबत नाही, हेच फसवं आहे. ड्रिप फीड (प्रोग्राम थोडाथोडा पाठवत राहणं) चालू दिसतं, स्क्रीनवरचे आकडे हलत असतात, पण कटर अडखळत पुढं सरकतो आणि जिथं जिथं थबकतो तिथं डायच्या फिनिशवर डाग उमटतात. पीसी रीबूट केला की सगळं सुरळीत. मग कधी तासाभरानं, कधी दुसऱ्या शिफ्टला, पुन्हा तेच.

बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे भागात असे पीसी सांभाळणं हे माझं रोजचं काम. इथल्या जॉबवर्क करणाऱ्या वर्कशॉपमध्ये जुन्या कंट्रोलरच्या मशीन भरपूर आहेत. मोठा थ्रीडी प्रोग्राम मशीनच्या मेमरीत मावत नाही, म्हणून तो आरएस-२३२ केबलवरून तुकड्यातुकड्यानं पाठवावा लागतो. पीसीत बहुतेक ठिकाणी दोन कार्डं असतात. एक चार पोर्टचं पीसीआय सिरियल कार्ड, आणि कुठली मशीन किती सायकल चालली हे मोजायला २४ व्होल्टचं डिजिटल इनपुट कार्ड. समस्या या जोडीत येते. निपाणी, चिकोडी, खानापूरकडं कुणी हीच जोडी वापरत असेल, तर पुढचं सगळं त्यांनाही लागू पडेल. कमांड आणि फाइलींची नावं इथं देवनागरीत लिहिली आहेत, टर्मिनलवर ती नेहमीच्या स्पेलिंगनं टाइप करायची.

भट्टीचा संशय

एका वर्कशॉपमधल्या जुन्याजाणत्या ऑपरेटरनं सांगितलेली गोष्ट आधी सांगतो, कारण सगळा माग तिथूनच सुरू झाला.

"सर, शेजारची इंडक्शन भट्टी लावली की आमचं अडकतंय बघा. लाइटचाच प्रॉब्लेम आहे."

"मामा, भट्टी गेल्या वर्षीही होतीच की. तेव्हा अडकत होतं का?"

"तेव्हा नव्हतं अडकत."

मामांचं निरीक्षण शंभर टक्के खरं होतं. भट्टी सुरू होताना व्होल्टेज क्षणभर दबतं आणि त्यानंतरच पीसी रखडतो, हे नंतर मोजूनही दिसलं. पण "तेव्हा नव्हतं" हे उत्तर जास्त मोलाचं. तीच भट्टी, तीच वायरिंग, तीच कार्डं, आणि फक्त कर्नल नवा. म्हणजे वीज हे निमित्त आहे, कारण नाही. जुना कर्नल तोच झटका पचवत होता आणि नवा पचवत नाही, याला रिग्रेशन म्हणायचं आणि त्याचा शोध सॉफ्टवेअरमध्येच घ्यायचा. हा फरक पहिल्याच दिवशी केला नाही, तर माणूस स्टॅबिलायझर, अर्थिंग आणि केबल बदलत बसतो. अर्थिंग चांगलं असावंच, पण त्यानं हा बिघाड जात नाही.

लॉगमध्ये काय दिसतं

रखडलेल्या अवस्थेत, रीबूट न करता, डीमेसेज (कर्नलचा लॉग) पाहा. आयआरक्यू म्हणजे कार्डानं प्रोसेसरला हाक मारायची लाइन, आणि त्या हाकेला इंटरप्ट म्हणतात. तिथं "आयआरक्यू १८: नोबडी केअर्ड" अशी ओळ असते, सोबत "आयआरक्यूपोल पर्याय लावून बूट करून बघा" असा सल्ला, मग स्टॅक ट्रेस, त्याखाली त्या लाइनवर नोंदलेल्या हँडलरची (हाकेला उत्तर देणाऱ्या ड्रायव्हरच्या कोडची) यादी आणि शेवटी "डिसेबलिंग आयआरक्यू १८". तुमच्याकडं नंबर १६, १७, १९ काहीही असू शकतो. रीबूट केल्यावर हा पुरावा हातचा जातो, म्हणून आधी लॉग फाइलमध्ये उतरवून घ्या आणि मगच ऑपरेटरला मशीन चालू करून द्या.

हँडलरच्या यादीत पहिलं नाव बहुतेक वेळा सिरियल ड्रायव्हरचं असतं, कारण तो आधी लोड होतो. ते नाव वाचून सिरियल कार्ड बदलणारे लोक मी पाहिले आहेत. त्या यादीचा अर्थ इतकाच की या लाइनवर हे सगळे राहतात. गुन्हा कुणाचा, ते ती यादी सांगत नाही.

आत काय घडतं

जुन्या पद्धतीच्या पीसीआय इंटरप्टमध्ये अनेक कार्डं एकच लाइन वाटून घेतात. वाड्यात चार बिऱ्हाडांना मिळून एकच कडी असावी तसं: कडी वाजली की प्रत्येकानं दाराशी येऊन पाहायचं, आपल्याकडचा पाहुणा असेल तर आत घ्यायचा, नसेल तर "आमचा नव्हे" म्हणून परत जायचं. कर्नलमध्ये "माझं होतं, मी पाहिलं" याला आयआरक्यू-हँडल्ड आणि "माझं नव्हतं" याला आयआरक्यू-नन असं उत्तर आहे. लाइन लेव्हल-ट्रिगर्ड असते. म्हणजे ज्या कार्डानं ती ओढून धरली आहे, त्याचं म्हणणं ऐकून कुणी त्या कार्डातला हाकेची खूण असलेला बिट साफ करेपर्यंत ती ओढलेलीच राहते. सगळ्या हँडलरनी "माझं नव्हतं" म्हटलं, तर प्रोसेसर बाहेर पडतो आणि लाइन अजून ओढलेलीच असल्यानं त्याच क्षणी पुन्हा आत शिरतो. यालाच इंटरप्टचं वादळ म्हणतात.

या वादळातून मशीन वाचावी म्हणून कर्नलमध्ये एक पहारेकरी कोड आहे. स्पूरियस डॉट सी या फाइलीत तो सापडतो. एका लाइनवर एक लाख इंटरप्टचा हिशोब झाला आणि त्यातले ९९,९०० पेक्षा जास्त कुणीच स्वीकारले नाहीत, तर तो ती लाइन बंद करतो. एखाददुसरा भरकटलेला इंटरप्ट तो मनावर घेत नाही. आधीच्या नाकारलेल्या इंटरप्टनंतर सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त वेळ गेला असेल, तर नाकारलेल्यांची मोजणी परत एकपासून सुरू होते. त्यामुळं ही ओळ लॉगमध्ये आली याचा अर्थ लाइन खरोखर अडकून राहिली होती. किरकोळ गोंगाटानं ती येत नाही.

मग लाइन बंद झाल्यावर ड्रिप फीड पूर्ण का थांबत नाही? कारण बंद केलेल्या सामायिक लाइनच्या हँडलरना कर्नल टायमरवरून, सेकंदाला दहा वेळा, हाक मारत राहतो. हिशोब मांडून बघा. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट, एका अक्षराला दहा) सेकंदाला ९६० अक्षरं जातात. साध्या १६५५० चिपचा फायफो (अक्षरं थांबायची रांग) १६ बाइटचा. दर हाकेला तो एकदा भरला, तर सेकंदाला जास्तीत जास्त १६० अक्षरं. वेग सहाव्या हिश्श्यावर आला. थ्रीडी प्रोग्रामचा एक ब्लॉक सरासरी २५ अक्षरांचा आणि अर्ध्या मिलिमीटरच्या हालचालीचा धरला, तर आधी मिनिटाला ११५० मिलिमीटरच्या आसपास फीड (कटरचा वेग) मिळू शकत होता, तो आता दोनशेच्याही खाली येतो. कटर जागच्या जागी घासत राहतो आणि डाग पडतात ते यामुळं. जॉबवरचा डाग आणि कर्नलमधला टायमर यांचा असा थेट संबंध आहे, म्हणून "मशीन स्लो झाली" एवढ्या तक्रारीवरही मी आता आधी डीमेसेज पाहतो.

यातली सर्वांत धोक्याची बाजू वेगळीच आहे, आणि ती प्रत्येक वर्कशॉपला मी आग्रहानं सांगतो. लाइन बंद असताना मशीनवरून पीसीकडं प्रोग्राम उलट घेऊ नका. पाठवताना नुसता उशीर होतो, पण घेताना अक्षरं गळतात. दोन हाकांच्या मध्ये ९६ अक्षरं येऊ शकतात आणि फायफोत जागा १६ ची. बाकीची वाहून जातात. एखाद्या झेड व्हॅल्यूचा दशांश बिंदू किंवा उणे चिन्ह गळलेला प्रोग्राम उद्या कुणी विश्वासानं चालवला, तर कटर थेट व्हाइसमध्ये घुसेल. /प्रॉक/टीटीवाय/ड्रायव्हर/सिरियल या फाइलीत त्या पोर्टपुढं "ओई" हा आकडा दिसत असेल तर ओव्हररन झालेलं आहे, म्हणजे अक्षरं गळाली आहेत. त्या काळात घेतलेले प्रोग्राम बाजूला काढा आणि मूळ प्रतीशी पडताळून पाहा.

एकच बिघाड, दोन चेहरे

शेजारशेजारच्या दोन वर्कशॉपमधून दोन वेगळ्या तक्रारी येत होत्या. एकाकडं वर सांगितल्याप्रमाणं मंद ड्रिप फीड. दुसऱ्याकडं फीड व्यवस्थित, पण पीसीचा माउस अडकतो, एक कोर पूर्ण वेळ शंभर टक्क्यांवर आणि लॉगमध्ये "नोबडी केअर्ड"चा मागमूस नाही. पीसी, कार्डं आणि कर्नल मात्र सारखेच. फरक इतकाच की पहिल्याकडं एका वेळी एक मशीन चालायची, दुसऱ्याकडं चारही पोर्ट सतत चालू असायचे.

कारण त्या ९९,९०० च्या अटीतच आहे. ९६०० बॉडला पाठवणारा एक पोर्ट सेकंदाला साधारण ६० खरे इंटरप्ट देतो, कारण ९६० ला १६ नं भागलं की ६० येतात. हे इंटरप्ट सिरियल हँडलर "माझं होतं" म्हणून स्वीकारतो. एक लाखाच्या एका फेरीत असे स्वीकारलेले इंटरप्ट शंभरावर गेले, तर नाकारलेल्यांचा आकडा ९९,९०० च्या वर जातच नाही आणि पहारेकरी लाइन बंद करत नाही. वादळ तसंच चालू राहतं, सिरियलही चालतं आणि एक कोर त्यात जळत राहतो. एकच पोर्ट चालू असेल, तर शंभरचा आकडा गाठायच्या आत एक लाखाची फेरी पूर्ण होते आणि लाइन बंद पडते.

म्हणून लॉग कोरा आहे एवढ्यावर ही समस्या नाकारू नका. /प्रॉक/इंटरप्ट्स ही फाइल एका सेकंदाच्या अंतरानं दोनदा पाहा. निरोगी पीसीवर आयआरक्यू १८ च्या ओळीचा आकडा सेकंदाला काही शेकड्यांनी वाढतो. वादळात तो हजारोंच्या उड्या मारतो. त्याच वेळी /प्रॉक/आयआरक्यू/१८/स्पूरियस या फाइलीत "अनहँडल्ड"पुढचा आकडा वाढताना दिसेल. हा आकडा प्रत्येक फेरीनंतर शून्यावर येतो, तेव्हा एकदाच पाहून निष्कर्ष काढू नका.

लाइन नेमकी कुणी ओढून धरली आहे

/प्रॉक/इंटरप्ट्समध्ये १८ च्या ओळीच्या टोकाला ड्रायव्हरची नावं असतात, पण तिथं फक्त ज्यांनी हँडलर नोंदवला त्यांचीच. ज्या कार्डाचा ड्रायव्हरच लोड झालेला नाही, तेही त्या लाइनवर असू शकतं. बायोसनं त्याचे इंटरप्ट चालू ठेवले असतील, तर ते बिनवारशी कार्ड सगळ्यांना खाली ओढतं. अपडेटनंतर एखादा ड्रायव्हर कर्नलमधून मॉड्यूलमध्ये गेला आणि लोड व्हायचा राहिला, तर नेमकं हेच होतं. म्हणून एलएसपीसीआय (पीसीआय कार्डांची यादी देणारी कमांड) दोन व्ही लावून, रूट म्हणून चालवा आणि प्रत्येक उपकरणाच्या "इंटरप्ट: पिन" ओळीत आयआरक्यू १८ शोधा.

मग त्याच उपकरणांच्या "स्टेटस" ओळीत आयएनटीएक्स पाहा. त्यापुढं अधिक चिन्ह असेल तर ते उपकरण या क्षणी इंटरप्ट मागत आहे. "कंट्रोल" ओळीत डिसआयएनटीएक्सपुढं उणे चिन्ह असेल तर त्याला लाइन ओढायची मुभाही आहे. दोन्ही जुळलं तर तोच आरोपी. ड्रिप फीड थांबवून हे पाहा, नाहीतर सिरियल कार्डाचाही खरा इंटरप्ट मध्येच अधिक दिसतो. हे दोन्ही बिट पीसीआय २.३ पासून आले. त्याआधीच्या कार्डावर ते नसतात, तिथं या तपासणीचा उपयोग नाही.

आमच्या प्रकरणात सिरियल कार्ड उणे आणि इनपुट कार्ड ठाम अधिक. कितीही वेळा पाहिलं तरी अधिक. सिरियल कार्ड निर्दोष आहे, हे इथं पक्कं झालं.

सगळीकडं उणे दिसूनही वादळ चालू असेल, तर नजर ब्रिजकडं वळवा. आताच्या बोर्डांवर पीसीआय स्लॉट पीसीआय-एक्सप्रेसच्या ब्रिजमागं असतो. तिथं लाइन खरी तार नसते. ती "ओढली" आणि "सोडली" असे दोन संदेश ब्रिज पुढं पाठवतो. काही स्वस्त ब्रिज चिपमध्ये "सोडली" हा संदेश हरवतो. तो हार्डवेअरचा दोष, आणि त्यावर या लेखातला इलाज चालत नाही.

पुढची खात्री एफट्रेसनं (कर्नलच्या आतल्या घडामोडी नोंदवणाऱ्या साधनानं) करता येते. इव्हेंट्स/आयआरक्यूमधले हँडलर-एंट्री आणि हँडलर-एक्झिट हे दोन ट्रेसपॉइंट चालू करून फिल्टरमध्ये आयआरक्यू १८ टाका. एक्झिटच्या ओळीत प्रत्येक हँडलरचं उत्तर "हँडल्ड" की "अनहँडल्ड" ते छापलं जातं. आरोपी कार्डाचा स्वतःचा हँडलर दर वेळी बोलावला जातो आणि दर वेळी "अनहँडल्ड" म्हणून परततो, हे डोळ्यांनी दिसलं की दोष ड्रायव्हरमध्येच आहे याबद्दल शंका उरत नाही. कार्ड ओरडतंय आणि त्याचाच ड्रायव्हर म्हणतोय "माझं नव्हे".

बिघाड हुकमी घडवून आणा

बायसेक्ट (जुन्या आणि नव्या कर्नलमधले बदल निम्मे निम्मे करत दोषी बदल शोधणं) करायचा तर बिघाड मागाल तेव्हा घडला पाहिजे. भट्टी कधी लागते याची वाट पाहत बायसेक्ट करू नये. दिवसभर काही झालं नाही म्हणून एखादा कर्नल "चांगला" ठरवला आणि तो प्रत्यक्षात वाईट निघाला, तर तिथून पुढचा सगळा शोध उलट्या दिशेनं जातो, आणि शेवटी गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) ज्या बदलाकडं बोट दाखवतं त्याचा इंटरप्टशी काडीचा संबंध नसतो.

मामांचं निरीक्षण इथं कामाला आलं. भट्टी लागताना व्होल्टेज दबतं, म्हणजे इनपुट कार्डाच्या टर्मिनल पट्टीला मिळणारा २४ व्होल्टचा सप्लायही दबत असणार. टेबलवर तसाच पीसी मांडला, २४ व्होल्ट एका रिलेमधून दिले आणि रिले सेकंदभर सोडून परत धरला. नव्या कर्नलवर लगेच वादळ. जुन्या कर्नलवर १८ च्या ओळीचा आकडा एकानं वाढला आणि तिथंच थांबला. ही दुसरी नोंद पहिलीइतकीच महत्त्वाची आहे, कारण इंटरप्ट दोन्हीकडं येतो आणि जुना ड्रायव्हर तो निस्तरतो, हे तिच्यातूनच सिद्ध होतं.

बायसेक्ट

पीसी पुरवणाऱ्यांकडून कर्नलचं गिट ट्री मिळालं, स्थिर आवृत्ती आणि तिच्यावर त्यांचे स्वतःचे पॅच. गिट बायसेक्टला जुनी आवृत्ती चांगली आणि नवी वाईट असं सांगितलं की ते दर वेळी मधला बदल काढून देतं. बदल चौदा हजार असले, तरी साधारण चौदा पायऱ्यांत उत्तर येतं, तेव्हा आकडा पाहून दचकू नका. फक्त इनपुट कार्डाच्या ड्रायव्हरच्या फोल्डरपुरता बायसेक्ट केला तर काम आणखी झटपट होतं. मात्र दोष इंटरप्टच्या गाभ्यातल्या कोडमध्ये असेल तर तो हुकतो. एफट्रेसनं ड्रायव्हरकडं बोट दाखवलेलं असल्यामुळं मी फोल्डरपुरता केला, आणि शेवटी सापडलेला एकच बदल उलटवून नवा कर्नल पुन्हा तपासला. ही शेवटची तपासणी वगळू नये.

दोन पथ्यं पाळा. कॉन्फिग दर पायरीला तीच ठेवा, जुनी फाइल घेऊन मेक ओल्डडेफकॉन्फिग चालवायचं. आणि प्रत्येक बूटनंतर दोन्ही कार्डं अजून एकाच लाइनवर आहेत ना, ते आधी पाहा. एखाद्या पायरीत लाइन बदलली तर वादळाचा त्रास सिरियलला होत नाही आणि तो कर्नल उगाच चांगला ठरतो. जो कर्नल बूटच होत नाही त्याला स्किप द्या, अंदाजानं चांगला-वाईट ठरवू नका.

सापडलं काय

जुना हँडलर सरळ होता. स्टेटस रजिस्टर वाचायचं, शून्य असेल तर "माझं नव्हतं", नसेल तर वाचलेली किंमत जशीच्या तशी परत लिहायची. या कार्डात बिटवर १ लिहिला की तो साफ होतो. मग "माझं होतं" म्हणून परतायचं.

नव्या बदलात वाचलेल्या स्टेटसला लगेच एक मास्क लावला होता. युजरनं ज्या चॅनेलचे इव्हेंट मागितले तेवढेच बिट ठेवायचे, बाकीचे गाळायचे. हेतू चांगला होता, न मागितलेल्या चॅनेलचे इव्हेंट ॲप्लिकेशनपर्यंत जाऊ नयेत. पण गाळल्यानंतर शून्य उरलं तर हँडलर तिथूनच "माझं नव्हतं" म्हणून परतत होता, आणि साफ करतानाही गाळलेली किंमतच लिहीत होता.

कार्डात एक बिट असा आहे जो कुठल्याच चॅनेलचा नाही. बाहेरचा २४ व्होल्ट गेला की तो लागतो आणि साफ करेपर्यंत लागलेलाच राहतो. सप्लाय परत आला तरी तो उतरत नाही. त्याला बंद करायची सोय हार्डवेअरमध्ये नाही, तो कायम चालूच. कार्डाच्या मॅन्युअलमध्ये रजिस्टरच्या तक्त्याखाली हे एका बारीक ओळीत लिहिलेलं आहे. भट्टी लागते, २४ व्होल्ट क्षणभर दबतो, हा बिट लागतो, कार्ड लाइन ओढतं, नवा हँडलर बिट गाळून "माझं नव्हतं" म्हणतो, बिट तसाच राहतो आणि लाइनही.

दुरुस्ती

वाचलेलं सगळं साफ करायचं, आणि पुढं पोहोचवताना गाळायचं. म्हणजे पूर्ण स्टेटस परत लिहायचा, पूर्ण स्टेटस शून्य नसेल तर "माझं होतं" हेच उत्तर द्यायचं, आणि मास्क फक्त ॲप्लिकेशनला इव्हेंट देताना लावायचा. सप्लाय गेल्याचा बिट दिसला तर लॉगमध्ये एक इशारा, तोही मर्यादित वेगानं, नाहीतर लॉगचंच वादळ होईल. लिहिल्यानंतर तेच रजिस्टर एकदा वाचून घ्यावं. पीसीआयवरचं लिखाण वाटेत थोडं रेंगाळू शकतं, आणि ते कार्डापर्यंत पोहोचायच्या आत हँडलर परतला तर एक फुकटचा इंटरप्ट पुन्हा येतो.

हँडलरनं नेहमीच "माझं होतं" म्हणावं, अशी एक झटपट दुरुस्ती कुणी सुचवेल. ती लावू नका. मग पहारेकऱ्याला काहीच दिसत नाही, लाइन कधीच बंद होत नाही आणि पुढच्या खऱ्या दोषात पीसी गोठूनच जातो. नोआयआरक्यूडिबग हा बूट पर्यायही त्याच जातीचा, पहारा उठवणारा. लॉगमध्ये सुचवलेला आयआरक्यूपोल निदानाला ठीक, पण तो कायम ठेवला तर टायमरच्या प्रत्येक ठोक्याला सगळ्या हँडलरची फेरी होते, आणि वेळेला बांधलेल्या कामाच्या पीसीवर ते परवडत नाही. पीसीआय-नोएमएसआय तर उलट अपाय करतो. जी उपकरणं स्वतःच्या वेगळ्या इंटरप्टवर सुखात होती, तीही या सामायिक लाइनवर येऊन पडतात.

पॅच येईपर्यंत

सर्वांत सुरक्षित म्हणजे ग्रबमधून (बूट होतानाच्या मेन्यूतून) जुना कर्नल निवडणं. म्हणून अपडेट करताना जुना कर्नल काढून टाकू नका, निदान एक पाठीमागं ठेवाच. वर्कशॉपमध्ये शिफ्ट थांबलेली असताना नव्यानं कर्नल बांधत बसायला वेळ नसतो.

जुना कर्नल चालणार नसेल आणि सायकलमोजणी काही दिवस बंद चालत असेल, तर त्या कार्डाची लाइन ओढण्याची मुभाच काढून घ्या. सेटपीसीआयला एस पर्यायानं कार्डाचा पत्ता द्या आणि कमांड रजिस्टरपुढं ०४००:०४०० लिहा. दहावा बिट लागतो आणि ते कार्ड गप्प बसतं. लिहिल्यावर एलएसपीसीआयमध्ये डिसआयएनटीएक्सपुढं अधिक दिसतंय ना ते पाहा. जुन्या कार्डावर हा बिट टिकत नाही. रीबूटनंतर ही कमांड पुन्हा द्यावी लागते, तेव्हा ती स्टार्टअपमध्ये टाका.

लाइन एकदा बंद पडली की रीबूटच करावा लागतो असंही नाही. इनपुट कार्डाचा ड्रायव्हर मॉडप्रोबनं काढून परत लोड करा. बंद केलेल्या सामायिक लाइनवर नवा हँडलर नोंदला की कर्नल तिला पुन्हा एक संधी देतो आणि ती चालू करतो. लोड होताना ड्रायव्हर कार्ड रीसेट करत असेल, तर अडकलेला बिटही साफ होतो. सिरियल ड्रायव्हरला हात लावावा लागत नाही, चालू जॉब वाचतो. मध्यरात्री शिफ्टवरच्या मुलाला फोनवर सांगता येईल असा हा एकमेव उपाय.

स्लॉट बदलून पाहायलाही हरकत नाही. पीसीआयच्या चार इंटरप्ट पिना स्लॉटगणिक फिरवून जोडलेल्या असतात, त्यामुळं एक स्लॉट सरकवला की कार्डं वेगळ्या लाइनवर जाऊ शकतात. सिरियल वाचतं, इनपुट कार्ड मात्र आपल्या नव्या लाइनवर पडतंच. २४ व्होल्टला छोटा बॅटरी बॅकअप देणं आपल्याकडच्या विजेसाठी तसंही चांगलं. त्यानं बिघाडाची वेळ टळते, ड्रायव्हर दुरुस्त होत नाही.

दुरुस्त झालं हे कसं ओळखायचं

पॅच लावलेला कर्नल चढवल्यावर ड्रिप फीड चालू ठेवून रिलेनं २४ व्होल्ट तोडा-जोडा करा. प्रत्येक वेळी १८ च्या ओळीत इनपुट कार्डाचा एखादाच इंटरप्ट वाढला पाहिजे, लॉगमध्ये सप्लाय गेल्याचा इशारा आला पाहिजे, आणि एलएसपीसीआयमध्ये आयएनटीएक्स लगेच उणे झाला पाहिजे. एक पोर्ट चालू ठेवून आणि चारही पोर्ट चालू ठेवून, दोन्ही प्रकारे पाहा. वादळाचे दोन चेहरे आहेत, आणि एकाच चेहऱ्याची तपासणी करून दुसऱ्या वर्कशॉपला कर्नल देऊ नये. मशीनवरून एक मोठा प्रोग्राम उलट घेऊन मूळ फाइलीशी डिफ करा, आणि "ओई" वाढत नाही याची खात्री करून घ्या.

पुरवठादाराला कळवताना "अपडेटनंतर चालत नाही" एवढंच लिहिलं तर उत्तर यायला वेळ लागतो. बायसेक्टमध्ये सापडलेल्या बदलाचा क्रमांक, जुन्या आणि नव्या कर्नलवर रिले सोडल्यानंतरचे /प्रॉक/इंटरप्ट्सचे आकडे, "नोबडी केअर्ड"सकट पूर्ण डीमेसेज, आणि एलएसपीसीआयचा त्या कार्डाचा भाग एवढं जोडा. वर्कशॉपचं नाव, मशीनचे प्रोग्राम आणि पीसीचा नेटवर्क पत्ता पाठवण्यापूर्वी लॉगमधून काढून टाका.